सार्वजनिक आरोग्याचे उपद्रव आणि स्थानिक प्रशासन : भिलाईच्या अनुभवाचा अभ्यास

२०१८ सालच्या पावसाळ्यात छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई शहरात डेंग्यूची मोठी साथ आली. जुलै-ऑगस्टमध्ये रुग्णालये रुग्णांनी भरून गेली आणि अनेकांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये लहान मुलेही होती. खुर्सीपार या दाट कामगार वस्तीला या साथीची सर्वाधिक झळ बसली. भिलाई हे काही साधनहीन शहर नव्हे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेला पोलाद कारखाना, नियोजनबद्ध सेक्टर, सेक्टर ९ मधील कारखान्याचे मोठे रुग्णालय आणि स्वतंत्र महानगरपालिका अशी या शहराची ओळख आहे. तरीही घरोघरच्या पाण्यात वाढणाऱ्या एका डासाने या सर्व व्यवस्थेला हतबल केले. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकशास्त्रात सापडत नाही. ते कायदा, अर्थशास्त्र आणि प्रशासन यांच्या संधिस्थानी सापडते. सार्वजनिक आरोग्याला बाधक ठरणारे उपद्रव स्थानिक अधिकारी कसे हाताळतात आणि त्यांचे प्रयत्न कोठे अपुरे पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपद्रव म्हणजे काय?

भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम २६८ मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्ये ती कलम २७० मध्ये आली आहे. ज्या कृतीमुळे किंवा बेकायदेशीर अकृतीमुळे सर्वसाधारण जनतेला अथवा परिसरात राहणाऱ्या लोकांना सामाईक इजा, धोका किंवा त्रास पोहोचतो, ती कृती किंवा अकृती म्हणजे सार्वजनिक उपद्रव होय.

या व्याख्येतील तीन बाबी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली, केवळ कृतीच नव्हे तर कर्तव्य न बजावणे हाही उपद्रव ठरू शकतो. नाला तुंबू देणे हे त्याचे उदाहरण. दुसरी, इजा सामाईक असावी लागते. दोन शेजाऱ्यांमधील खासगी तंटा या व्याख्येत बसत नाही. तिसरी, त्या कृतीतून काही सोय किंवा लाभ होतो, एवढ्या कारणाने उपद्रव क्षम्य ठरत नाही. कारखान्यावर उपजीविका असलेल्या औद्योगिक नगरांच्या दृष्टीने ही तिसरी बाब विशेष महत्त्वाची आहे.

याच प्रकरणातील इतर तरतुदीही अभ्यासाव्यात. घातक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेली निष्काळजी कृती कलम २७१ खाली, तर सार्वजनिक झरा किंवा जलाशय दूषित करणे कलम २७९ खाली गुन्हा आहे. ज्या उपद्रवासाठी अन्यत्र शिक्षा सांगितलेली नाही त्याला कलम २९२ नुसार १,००० रुपयांपर्यंत दंड होतो. जुन्या संहितेत हीच मर्यादा २०० रुपये होती.

अर्थशास्त्राची दृष्टी

अर्थशास्त्रात उपद्रवाकडे बाह्य परिणामाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. एखाद्याच्या वर्तनाची किंमत त्याला स्वतःला न मोजावी लागता तिसऱ्याला मोजावी लागते, तेव्हा बाजारव्यवस्था त्या वर्तनाला आळा घालू शकत नाही. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये या विचाराची पद्धतशीर मांडणी केली व कर अथवा दंडाच्या रूपाने ती किंमत कर्त्याकडून वसूल करण्याचा मार्ग सुचवला. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये दुसरी बाजू दाखवली. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर संबंधित पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. परंतु एका कूलरमधील डास शंभर घरांना चावू शकत असेल, तर त्या शंभर कुटुंबांनी कोणाशी वाटाघाटी करायच्या? डास कोणत्या घरातून आला हे सिद्ध करणेही अशक्य असते. येथे व्यवहारखर्च प्रचंड असतो. म्हणूनच सर्वांच्या वतीने तपासणी करणारा आणि आदेश देणारा अधिकारी लागतो.

दंडाच्या परिणामकारकतेचे गणितही समजून घ्यावे. एका बांधकामावरील साचलेले पाणी दर आठवड्याला काढण्याचा खर्च ५०० रुपये आहे असे मानू. एखाद्या आठवड्यात तपासणी होण्याची शक्यता दहात एक आणि दंड १,००० रुपये असेल, तर कंत्राटदाराच्या दृष्टीने दंडाचा अपेक्षित भार १०० रुपये होतो. पाणी न काढणे त्याला स्वस्त पडते. दंड तेवढाच ठेवून तपासणीची शक्यता दहात सहा केली, तर अपेक्षित भार ६०० रुपये होऊन हिशेब उलटतो. ही उदाहरणादाखल घेतलेली आकडेमोड आहे. तिचा बोध असा की दंडाच्या रकमेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, तपासणीची नियमितता महत्त्वाची असते.

घटनात्मक व प्रशासकीय चौकट

सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे (नोंद ६). संसर्गजन्य रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा फैलाव रोखणे हा विषय समवर्ती सूचीत आहे (नोंद २९). अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतो. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. पाणीपुरवठा तसेच सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हे विषय त्यांत आहेत.

भिलाईला लागू असलेला मुख्य नगरकायदा म्हणजे छत्तीसगड नगरपालिक निगम अधिनियम, १९५६. तो मूळचा मध्य प्रदेशचा कायदा असून १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य वेगळे झाल्यावर छत्तीसगडने स्वीकारला. महाराष्ट्रातील वाचकांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मुंबईसारख्या महानगरपालिकेकडे स्वतःची रुग्णालये, दवाखाने आणि स्वतंत्र कीटकनाशक विभाग आहे. भिलाईत महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाचे काम प्रामुख्याने सफाई, कचरा, नाले व फवारणी यांचे असते. रोगसर्वेक्षण आणि उपचार हे राज्य शासनाच्या जिल्हा आरोग्ययंत्रणेकडे असतात आणि तिचे प्रमुख जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी असतात. ज्याला रुग्ण दिसतो त्याच्या हाती झाडू नाही आणि ज्याच्या हाती झाडू आहे त्याला रुग्ण दिसत नाही. या दोघांमध्ये माहिती किती वेगाने वाहते, यावर साथीचे भवितव्य अवलंबून असते.

कार्यवाहीचे टप्पे

उपद्रवाविरुद्धची कार्यवाही सामान्यतः पुढील क्रमाने होते.

१. माहिती : नागरिकांची तक्रार, स्वच्छता निरीक्षकाची फेरी किंवा रुग्णालयाकडून आलेली रुग्णाची नोंद.

२. तपासणी : प्रत्यक्ष जागेची पाहणी, पंचनामा, आवश्यक तेथे पाण्याचा नमुना. खासगी घरात प्रवेश करताना पूर्वसूचना, दिवसाची वेळ आणि कुटुंबाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, खासगीपणाचा मान राखावा लागतो.

३. नोटीस : उपद्रव कोणता, तो कोणी, कसा व किती मुदतीत दूर करावा, हे नोटिशीत स्पष्ट असावे. संदिग्ध नोटीस अपिलात टिकत नाही.

४. दंड किंवा प्रशासनाकडून निवारण : मुदतीत काम न झाल्यास दंड आकारला जातो, अथवा महानगरपालिका स्वतः काम करून खर्च संबंधिताकडून वसूल करते. अर्थशास्त्रीयदृष्ट्या हा दुसरा मार्ग अधिक परिणामकारक ठरतो. त्यात उपद्रव आधी संपतो आणि पैशाचा वाद मागाहून चालतो.

५. दंडाधिकाऱ्यांचा सशर्त आदेश : फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये कलम १५२ झाले आहे. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा विशेष अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी या कलमाखाली उपद्रव दूर करण्याचा आदेश देतात. आदेश ‘सशर्त’ असतो. संबंधित व्यक्तीने एकतर तो पाळावा किंवा हजर राहून कारण दाखवावे. चौकशी प्रलंबित असतानाही जनतेला निकटचा धोका असल्यास कलम १६१ नुसार तातडीचा मनाई आदेश देता येतो.

अधिकार आणि नैसर्गिक न्याय यांचा समतोल या क्रमात दिसतो. ज्याच्याविरुद्ध आदेश द्यायचा त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते, मात्र त्या ऐकण्यापायी जनतेचा धोका वाढू दिला जात नाही.

भिलाई : एक शहर, अनेक यंत्रणा

भिलाईच्या कारखान्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर त्याची वसाहतही वाढली. तेथील रस्ते, पाणी व स्वच्छता कारखान्याच्या नगरसेवा विभागाकडे राहिली. वसाहतीबाहेर कामगार, व्यापारी व स्थलांतरित यांच्या खुर्सीपार, छावणी, सुपेला अशा वस्त्या वाढल्या. १९९८ मध्ये भिलाईची महानगरपालिका झाली आणि २०१९ मध्ये रिसालीसाठी वेगळी महानगरपालिका निर्माण झाली. दुर्ग व भिलाई-चरोदा धरून एकाच सलग नागरी पट्ट्यात आज चार महानगरपालिका आहेत. शिवाय कारखान्याची वसाहत, रेल्वेची वसाहत व यार्ड आणि राज्याची आरोग्ययंत्रणा आहेतच. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती.

डेंग्यूचा एडिस इजिप्ती डास साधारणपणे जन्मस्थानापासून काही शे मीटरांच्या आतच वावरतो. हे अंतर एका वस्तीपुरते थोडे आहे, पण प्रशासकीय सीमा ओलांडण्यास पुरेसे आहे. रस्त्याच्या एका बाजूला नगरसेवा विभागाची फवारणी झाली आणि दुसऱ्या बाजूला महानगरपालिकेची झाली नाही, तर दोन्ही बाजूंचा धोका कायम राहतो. डासनियंत्रण ही अशी सार्वजनिक वस्तू आहे की जिचे फळ सर्वांत दुबळ्या दुव्याच्या प्रयत्नावर ठरते. म्हणून प्रत्येक यंत्रणेने आपापले काम चोख करणे पुरेसे नसते. सर्वांनी ते एकाच आठवड्यात करणे आवश्यक असते.

डासाचा आठवडा आणि नोटिशीची मुदत

उष्ण हवामानात एडिस डासाच्या अंड्यापासून प्रौढ डास तयार होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. विषाणू घेतलेला डास दुसऱ्याला संसर्ग देण्यायोग्य होण्यास सुमारे ८ ते १२ दिवस जातात. डास चावल्यावर रुग्णाला ताप येण्यास आणखी ४ ते १० दिवस लागतात. या तीन आकड्यांत उपद्रवाच्या प्रशासनाचे सार आहे. रुग्णालयातून पहिला अहवाल येतो तेव्हा त्यामागील डास काही आठवड्यांपूर्वी जन्मलेला असतो. पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस दिली, तर तेवढ्या काळात डासांची एक संपूर्ण पिढी बाहेर पडते. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेली कार्यवाही आरोग्याच्या दृष्टीने मात्र निष्फळ ठरते.

म्हणून रुग्णांची वाट न पाहता अळ्यांची मोजणी करणे हा योग्य मार्ग आहे. त्यासाठी तीन निर्देशांक वापरतात. २०० घरे तपासली आणि २४ घरांत अळ्या आढळल्या, तर गृहनिर्देशांक १२ टक्के. त्या घरांतील ६०० पाणीसाठ्यांपैकी ३६ साठ्यांत अळ्या असतील, तर भांडे निर्देशांक ६ टक्के. दर १०० घरांमागे अळ्या असलेल्या साठ्यांची संख्या म्हणजे ब्रेटो निर्देशांक. या उदाहरणात तो १८ होतो. परीक्षेत या तिन्हींतील फरक विचारला जाऊ शकतो. पहिल्याचा छेद तपासलेली घरे, दुसऱ्याचा तपासलेले साठे, तर तिसऱ्यात साठ्यांची संख्या घरांशी ताडून पाहिली जाते.

उपाययोजनेतही काळाचा हाच निकष लागू पडतो. धूर फवारणीने उडणारे प्रौढ डास मरतात, परंतु तिचा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि पाण्यातील अळ्या तशाच राहतात. धुराचे यंत्र लोकांना दिसते म्हणून त्याची मागणी अधिक होते. प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा सर्व साठे रिकामे करून घासून कोरडे करणे, म्हणजे ‘कोरडा दिवस’ पाळणे, अधिक गुणकारी असते. घासणे आवश्यक असते, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या स्थितीत अनेक महिने टिकू शकतात. भिलाईसारख्या कडक उन्हाळ्याच्या शहरात पावसाळ्यात न पुसता ठेवलेला कूलर हा असाच साठा असतो. रिकामे करता न येणाऱ्या साठ्यांत टेमेफॉस टाकणे किंवा गप्पी मासे सोडणे हे पर्याय आहेत.

अभावातून जन्मणारा उपद्रव

दंड सर्वत्र न्याय्य असतो का, हा यापुढचा प्रश्न. वसाहतीतील बंगल्याच्या कूलरमध्ये अळ्या सापडणे आणि दाट वस्तीतील पाण्याच्या पिंपात अळ्या सापडणे, या कायद्याच्या भाषेत सारख्याच घटना आहेत. मात्र पहिल्या घटनेचे कारण उपेक्षा असते आणि दुसरीचे कारण बहुधा अभाव असतो. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते म्हणून कुटुंब पिंप भरून ठेवते. त्या गृहिणीला दंड केल्याने पिंप नाहीसे होणार नाही, फार तर ते तपासनीसापासून लपवले जाईल. मग पुढच्या तपासणीत निर्देशांक खोटा येईल आणि साथीची पूर्वसूचनाच हरवेल. येथे पिंपाला घट्ट झाकण, औषधाची नियमित मात्रा आणि अखेरीस भरवशाचा पाणीपुरवठा हाच उपाय ठरतो.

अभावाची जबाबदारी ज्या संस्थेवर आहे तीच दंड करणारी असेल तर काय? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै १९८० रोजी नगरपरिषद रतलाम विरुद्ध वर्धीचंद या निकालात दिले. रतलाममधील एका प्रभागातील रहिवासी उघडी गटारे, शौचालयांअभावी रस्त्यावर होणारी घाण, मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी आणि डास यांनी त्रस्त होते. त्यांनी कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला तो खुद्द नगरपरिषदेला. सत्र न्यायालयाने तो रद्द केला आणि उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. नगरपरिषदेने निधी नसल्याची सबब सांगितली. न्या. कृष्ण अय्यर व न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने ती अमान्य केली. स्वच्छतेचे वैधानिक कर्तव्य आर्थिक अडचणीच्या कारणाने टाळता येत नाही, हे तत्त्व या निकालाने रुजवले. त्या काळी भिलाईही मध्य प्रदेशातच होते, म्हणून या अभ्यासात या निकालाला विशेष महत्त्व आहे. नोटीस फक्त प्रशासनाकडून नागरिकाकडे जात नाही. ती उलट दिशेनेही जाऊ शकते.

उद्योगजन्य उपद्रव

धूळ, धूर व सांडपाणी यांबाबत महानगरपालिकेच्या अधिकाऱ्याचे अधिकार मर्यादित असतात. जल अधिनियम, १९७४ व वायू अधिनियम, १९८१ यांची अंमलबजावणी छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाकडे आहे. मग दंडाधिकाऱ्यांचा जुना अधिकार संपला का? मध्य प्रदेश राज्य विरुद्ध केडिया लेदर अँड लिकर या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या विशेष कायद्यांमुळे कलम १३३ गर्भितपणे रद्द होत नाही. पर्यावरण कायदे प्रामुख्याने प्रतिबंध व नियमनासाठी आहेत, तर दंडाधिकाऱ्यांचा अधिकार तातडीच्या निवारणासाठी आहे. त्यामुळे दोन्ही मार्ग एकत्र नांदू शकतात.

समारोप

भिलाईचा अनुभव सांगतो की तेथे कायदा, पैसा किंवा रुग्णालय यांची उणीव नव्हती. कठीण होते ते उपद्रवाच्या गतीशी आणि कारणाशी प्रशासनाची गती व साधने जुळवणे. डासांच्या बाबतीत हा काळ एका आठवड्याचा असतो, फुटलेल्या जलवाहिनीच्या बाबतीत काही तासांचा, तर गटारव्यवस्थेच्या बाबतीत काही वर्षांचा. तिन्हींना एकच नोटीस व एकच मुदत लावणारे प्रशासन कागदोपत्री सक्रिय दिसेल, पण रोग रोखू शकणार नाही. कुशल आरोग्य अधिकारी आधी तीन प्रश्न विचारतो : हा उपद्रव किती दिवसांत वाढतो? तो उपेक्षेतून जन्मला की अभावातून? त्याच्या निवारणासाठी सीमेपलीकडील कोणत्या यंत्रणेला आजच सोबत घ्यावे लागेल? या प्रश्नांची उत्तरे पावसाळ्यापूर्वी मिळाली, तर रुग्णालयातील खाटा मोजण्याची वेळ येत नाही. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन पावसाळ्याच्या उंबरठ्यावर पाळला जातो, त्यामागे हाच विचार आहे.

सरावासाठी प्रश्न

१. सार्वजनिक उपद्रव ही बाह्य परिणामाची समस्या आहे, हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खालील सशर्त आदेशाचे स्वरूप सांगून रतलाम निकालाचे महत्त्व विशद करा.

३. एका प्रभागात १५० घरांपैकी १२ घरांत आणि ५०० पाणीसाठ्यांपैकी १५ साठ्यांत अळ्या आढळल्या. तिन्ही निर्देशांक काढा व आरोग्य अधिकारी या नात्याने पहिल्या आठवड्याची कार्ययोजना लिहा.

४. एकाच नागरी पट्ट्यात अनेक प्रशासकीय यंत्रणा असल्यास साथनियंत्रणात कोणत्या अडचणी येतात? भिलाईच्या संदर्भात उपाय सुचवा.